जामीन मंजूर झाल्यानंतरचं काम

(वकील आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, ज्येष्ठ वकील मंडळी आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेले विद्यार्थी,

पत्रिकेवर विषय भलताच ऐसपैस छापलाय. ‘ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी वकिलांनी काय करावं.’ यात फौजदारी आलं, दिवाणी आलं, सल्लाकेंद्र आलं आणि नाव कुठे नोंदवायचं तेही आलं. हे सगळं सांगायचं मी कबूल केलंय आणि सांगणार आहे. पण आधी एक विषय मोकळा करू द्या. आपल्याकडे फुकट काम करायची इच्छा असलेला वकील दोनच ठिकाणी दिसतो. एक कायदेविषयक शिबिरात, दुसरा युक्तिवादात. गरीब पक्षकार अडकतो तो भलत्याच ठिकाणी. जामीन मंजूर होतो आणि माणूस तरी आतच राहतो. तिथे कोणी उभं नसतं, कारण तिथे युक्तिवाद नसतो. तिथे असतात झेरॉक्स, फोन आणि शिरस्तेदारासमोरची रांग.

शिबिरांबद्दल दोन शब्द बोलतो. दोनच म्हणतोय, पण अध्यक्ष माझ्याकडे आत्तापासूनच संशयानं बघताहेत. बॅनर, दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, आणि मग मोफत कायदेशीर मदतीबद्दलचा राज्यघटनेतला अनुच्छेद ३९-अ. तो १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं आला, हे श्रोत्यांना सांगितलं जातं. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ चा, पण अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला, म्हणून ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन, हेही सांगितलं जातं. समोर बसलेल्या बाईला नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं असतं. तिला तारीख नको असते, कुठल्या खोलीत जायचं ते हवं असतं. ते सांगायची वेळ येते तेव्हा चहा आलेला असतो. (हशा) आणि मग फोटो. बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या परिषदेच्या, नियमावलीतला नियम ३६ आपल्याला जाहिरात करू देत नाही. दहा नियम पुढे, ४६ वा नियम सांगतो की ज्याला खरोखर गरज आहे पण पैसे नाहीत, त्याला आपापल्या ऐपतीप्रमाणे मोफत मदत करणं हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. आपण ४६ पाळतो आणि त्याचा फोटो टाकून ३६ मोडतो. हिशेब बरोबरीत सुटतो म्हणायचा.

शिबिरं बंद करा, असं मी म्हणत नाही. दहा शिबिरांमागे एक माणूस तुरुंगाच्या कार्यालयात पाठवा, एवढंच मागणं आहे.

आता माझा आवडता खटला. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७८. अनेकांनी अभ्यासाला वाचलाय, तरी ऐका, कारण त्यातली खरी गंमत परीक्षेत विचारत नाहीत. मोतीराम गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला. दिला म्हणजे काय, तर ‘मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचं समाधान होईल असा जामीन’. रक्कम किती, जामीनदार कसा, हे खाली ठरणार. खाली काय ठरलं? दहा हजार रुपयांचा जामीनदार. १९७८ चे दहा हजार, आणि गवंड्याला! बरं, भाऊ जामीन राहायला तयार झाला. तर दंडाधिकारी म्हणाले, भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचा आदेश हातात आणि माणूस आतच. शेवटी त्याच न्यायालयात परत जावं लागलं.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिथे जे विचारलं ते प्रत्येक बाररूममध्ये लावून ठेवण्यासारखं आहे. त्याचा आशय असा: एखाद्या मल्याळी, कानडी किंवा तमिळ माणसाला बस्तरमध्ये, पोर्ट ब्लेअरला नाहीतर दिल्लीच्या चांदणी चौकात अटक झाली, तर त्यानं तिथे मालमत्तावाला जामीनदार आणायचा कुठून? न्यायालयानं मोतीरामला एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर, सोडायला सांगितलं, आणि जामीनदार परजिल्ह्यातला आहे एवढ्यावरून त्याला नाकारता येणार नाही हेही सांगितलं. हे १९७८ ला. आणि ३१ जानेवारी २०२३ ला, म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला जामिनाबाबतच्या स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात पुन्हा लिहावं लागलं की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, न्यायालयांनी अशी अट घालू नये. मधल्या काळात बस्तरच्या जागी ठाणे, पुणे, नागपूर घाला आणि मल्याळी माणसाच्या जागी जालन्याचा ऊसतोड कामगार किंवा बिहारचा बिगारी. गोष्ट तीच.

आकडा एकच देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते आणि त्यातले ४ लाख ३४ हजारांवर न्यायबंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. शंभरातले पंचाहत्तरहून जास्त. या सगळ्यांना जामीन मिळालेला आहे असं नव्हे. पण ज्यांना मिळालाय आणि तरी जे आत आहेत, त्यांच्यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा वकील लागत नाही. आठवड्यातला अर्धा दिवस देणारा वकील लागतो. तो त्या अर्ध्या दिवसात काय करतो, ते नीट सांगतो. लिहून घ्या.

पहिलं, आदेशाची प्रत काढा आणि तुरुंगातल्या नोंदीशी ताडून बघा. नाव, वडिलांचं नाव, वय, गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणे, कलमं, खटल्याचा नंबर. फार सुटका इथेच अडकतात. एफआयआरमध्ये ‘राजू भीमा’, आधारवर ‘राजेश भीमराव’, तुरुंगाच्या रजिस्टरात ‘राजू उर्फ राज्या’. सुटकेचा आदेश ‘राजेश’च्या नावानं गेला की तुरुंगातून परत येतो. त्यात तुरुंगाधिकाऱ्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. भलता माणूस सुटला तर नोकरी त्याची जाते. नोंदवहीत, म्हणजे कोर्टाच्या रोजनाम्यात, नावाची दुरुस्ती करून घ्यायला छोटा अर्ज पुरतो. तो करायला मात्र कोणीतरी कोर्टात असावं लागतं.

दुसरं, दुसरा गुन्हा आहे का ते विचारा. एका खटल्यात जामीन झाला, पण दुसऱ्या कोर्टाचं प्रॉडक्शन वॉरंट, म्हणजे बंद्याला तिथे हजर करण्याचा हुकूम, तुरुंगात येऊन पडलंय, हे घरच्यांना ठाऊक नसतं. ते उधार-उसनवार करून जामीनदार उभा करतात आणि फाटकावर कळतं की अजून एक बाकी आहे. आधी चौकशी केली तर दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात लागतात.

तिसरं, जामीनदार. त्याचं आधार, रेशनकार्ड, राहत्या जागेचा पुरावा, फोटो, आणि ऐपतीचा पुरावा: पगारपत्रक, घरपट्टीची पावती, सातबारा किंवा तहसीलचा ऐपतीचा दाखला. प्रत्येक कोर्टाची स्वतःची यादी असते, म्हणून आदल्या दिवशी जाऊन विचारून या. आपण आणखी किती जणांना जामीन राहिलोय, हे जामीनदाराला लिहून द्यावं लागतं. तेव्हा कोर्टाबाहेर झाडाखाली बसलेला, ‘साहेब, कागद तयार आहेत’ म्हणणारा गृहस्थ दिसला की मागे फिरा. त्याचा सातबारा त्या महिन्यात अनेकांना जामीन राहिलेला असतो, आणि तो खोटा निघाला की ओळख पटवणारे म्हणून सही तुमची असते.

चौथं, जामीनदार नाहीच मिळत. इथे बहुतेक जण महिनोन्महिने गप्प बसतात. बसू नका. २०२३ च्या त्याच आदेशातले दोन दिवस पाठ करा: सातवा आणि तिसावा. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगभेटीचा वकील पाठवायचा. त्या बंद्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल करून कोर्टापुढे ठेवता येतो. महिन्याभरात बंधपत्र झालं नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. ‘करू शकतं’ या शब्दांवर भरवसा ठेवून घरी बसू नका, अर्ज द्या. मागण्या पायरीपायरीनं लिहा: रक्कम कमी करा, ते नसेल तर जामीनदाराऐवजी रोख, ते नसेल तर तात्पुरत्या रोख जामिनावर सोडून जामीनदार आणायला चार आठवडे, आणि शेवटी जातमुचलका. बंधपत्राची रक्कम परिस्थिती बघून ठरवावी, अवाजवी नसावी, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याचं, कलम ४८४ सांगतं. आणि गुन्हा जामीनपात्र असेल तर कलम ४७८ बघा. अटकेपासून आठवड्यात जो जामीन देऊ शकला नाही, तो निर्धन आहे असं धरूनच चालायचं आणि जातमुचलक्यावर सोडायचं. हे कलम वाचून दाखवलं की समोरचे कधी कधी चकित होतात. (हशा)

पैशाचाच प्रश्न असेल तर गरीब बंद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. जिल्हा समितीनं मंजुरी दिली की रक्कम थेट कोर्टात भरली जाते. सुरुवातीच्या सूचनांत न्यायबंद्यासाठी कमाल मर्यादा ४०,००० रुपये होती. अमली पदार्थ, यूएपीए (बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा), मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे त्यात बसत नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणताहेत. म्हणजे कबूल केलेलं सगळं अजून शिल्लक आहे. तर भरभर.

फौजदारीतले आणखी दोन हिशेब. आपसूक जामीन: तपास साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा अगर त्याहून जास्त वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत संपला नाही तर. दिवस अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून मोजायचे, आणि रिमांडचा दिवस धरून. एकसष्टाव्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज द्या आणि वेळ टाकून घ्या. अर्जाआधी दोषारोपपत्र पोचलं की हक्क गेला. लेखी अर्ज तयार नसेल तर तोंडी मागा, राकेश कुमार पॉल प्रकरणात २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं तेही मान्य केलंय.

दुसरा, त्याच संहितेचं कलम ४७९. कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढला तर जामीन, आणि पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांशावर सुटका. घरातली चोरी, कमाल सात वर्षं: पहिल्या वेळच्या आरोपीसाठी दोन वर्षं चार महिने, इतरांसाठी साडेतीन वर्षं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तर पोटकलम २ आडवं येतं, ते आधी वाचा. संहिता लागू झाली त्या १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं.

दिवाणी आणि कौटुंबिक. मोफत मदत कोणाला मिळते, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ची यादी बघा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अटच नाही. तरी टेबलावर उत्पन्नाचा दाखला मागतात आणि बाई तहसीलला दोन खेपा घालते. तिच्यासोबत उभं राहून कलम दाखवणं हेही वकिली कामच आहे. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे, आणि कलम १३ प्रमाणे उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. मदतीत कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही येतो, नुसता वकील नव्हे. प्राधिकरणाच्या पॅनलवरच्या, म्हणजे यादीतल्या, वकिलानं पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. ‘झेरॉक्सपुरते द्या’ हेसुद्धा नाही.

आता नाव कुठे द्यायचं. फौजदारी बचावाचं पूर्णवेळ, पगारी काम लोकअभिरक्षक कार्यालयाकडे आहे, त्यांना खाजगी वकिली करता येत नाही. पॅनलसाठी साधारण तीन वर्षांची वकिली लागते. घरी बसून प्रकरण घ्यायचं असेल तर केंद्राच्या न्याय बंधू ॲपवर नोंदणी आहे. विद्यार्थ्यांनो, सनद मिळेपर्यंत तुम्ही विधी स्वयंसेवक होऊ शकता. वर सांगितलेली पहिली तीन कामं तुम्हालाही जमण्यासारखी आहेत.

एक पथ्य. ज्याला आधीच वकील नेमलाय त्याच्या फायलीत परस्पर हात घालू नका. दोन वकालतनामे आणि दोन उलटसुलट अर्ज यांनी बंद्याचंच नुकसान होतं. सचिवांमार्फत जा, नेमलेल्या वकिलाला फोन करा. बहुतेकदा त्याला मदत हवीच असते, कारण त्याच्याकडे फायलींचा ढीग असतो.

अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या सचिवांकडे, तालुक्यात असाल तर तालुका विधी सेवा समितीकडे. सनदेची प्रत जोडा आणि आठवड्यातला नेमका कुठला अर्धा दिवस देणार ते लिहा. ‘सवडीनुसार’ लिहिलेल्या अर्जाचं काय होतं ते तुम्ही ओळखलं असेलच. आणि त्याच भेटीत तुरुंगात जाण्याचं पत्र मागून घ्या. सनद दाखवली की फाटक उघडतं असं समजून गेलात, तर पहिला अर्धा दिवस फाटकाबाहेरच जाईल.