पाळी बदलताना

[दृश्य : पहाट. गंगापूर रस्त्यापासून आत वळलेली गल्ली. दुमजली इमारत. दारापर्यंत गेलेला लांब उतार आणि त्यावरचा दिवा.]

नाशिकच्या गंगापूर रस्त्यापासून थोड्या आतल्या बाजूला असलेल्या या दुमजली वसतिगृहात सकाळचे सात वाजले की तळमजल्यावरील टेबलाभोवती पाच-सहा जणी एकत्र येतात. रात्रपाळी संपवून निघालेल्या ताई पुठ्ठ्याच्या जाड नोंदवहीतील नोंदी मोठ्याने वाचतात आणि दिवसपाळीवर आलेल्या ताई मध्येच थांबवून प्रश्न विचारतात. कोणाला झोप लागली नाही, कोणाचे अंथरूण बदलावे लागले, कोणाला पहाटे साडेतीनला फिट आली व ती किती वेळ टिकली, कोणाच्या टाचेवर लालसर डाग दिसतो आहे, असे हे वाचन पंधरा-वीस मिनिटे चालते. पाहुण्याला ते नीरस वाटण्याची शक्यता आहे. येथे राहणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण मात्र स्वतःचे दुखणे शब्दांत सांगू शकत नाहीत, आणि रात्री ज्या व्यक्तीने त्यांचे कण्हणे ऐकले ती सकाळी घरी निघून जाणार असते. तिने ऐकलेले या वहीत उतरले नाही, तर दिवसपाळीच्या दृष्टीने ते घडलेलेच नसते.

हे बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा), स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढ स्त्री-पुरुषांचे निवासी केंद्र आहे. सर्वांत तरुण रहिवासी नुकताच विशीत आला आहे, तर सर्वांत ज्येष्ठ बाईंनी साठी ओलांडली आहे. चित्रीकरणाला त्यांनी किंवा त्यांच्या पालकांनी संमती दिली असली, तरी कोणाचेही नाव या माहितीपटात घेतलेले नाही. स्वतःच्या खोलीत कॅमेरा नको असे ज्यांनी हाताने, मानेने किंवा पाठ फिरवून सांगितले, त्यांच्या खोल्याही आपल्याला दिसणार नाहीत.

नाशिकला या क्षेत्रातील कामाची जुनी ओळख आहे. रजनीताई लिमये यांनी 1977 साली येथे प्रबोधिनी ट्रस्टची सुरुवात केली, तेव्हा बौद्धिक दिव्यांग मुलांना शाळेत घालता येते हीच गोष्ट अनेक घरांना नवी होती. त्या काळात व त्यानंतर राज्यभर ज्या विशेष शाळा निघाल्या, त्यांतील मुले आता चाळिशी-पन्नाशीत पोहोचली आहेत. शाळेचे वय संपले, आई-वडील थकले, भावंडे पुण्या-मुंबईला किंवा त्याहून दूर गेली, आणि 'आमच्या माघारी याचे काय' हा प्रश्न घराघरांत उरला. त्याची कायदेशीर बाजूही पालकांना बऱ्याचदा उशिरा कळते. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार, या केंद्रात दिसणाऱ्या चारही प्रकारच्या दिव्यांगत्वांसाठी, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्वाची नेमणूक करून घ्यावी लागते. बँकेत खाते उघडताना किंवा शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करताना हा कागद मागितला जातो आणि मग धावपळ सुरू होते.

[दृश्य : न्हाणीघराबाहेरील बाक. टॉवेल, कपड्यांचे दोन जोड.]

जानेवारीतील सकाळ आहे. याच जिल्ह्यातील निफाडच्या पट्ट्यात हिवाळ्यात पारा एकेरी आकड्यात उतरतो आणि नाशिक शहरही फार मागे राहत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीच्या स्नायूंचा ताठरपणा थंडीत वाढतो, त्यामुळे न्हाणीघर आधी गरम करून घेणे, पाणी कोपराने तपासणे आणि अंग पुसून होईपर्यंत दार न उघडणे हे येथे लेखी नियम आहेत. जड व्यक्तीला पलंगावरून खुर्चीत घेताना दोघींनी मिळूनच उचलायचे, गुडघे वाकवायचे, कंबर वाकवायची नाही, असाही नियम आहे. परंतु एखादी ताई रजेवर असली की तो पहिल्यांदा मोडतो. दहा-बारा वर्षे काम केलेल्या बहुतेक जणींना कंबरदुखी आहे आणि त्यांतल्या काहींच्या पदराखाली पट्टा असतो.

बाकावर बसलेले पन्नाशीचे गृहस्थ स्वतःच्या शर्टाची बटणे लावत आहेत. निळा की पांढरा, असे ताईंनी विचारल्यावर त्यांनी बराच वेळ घेऊन निळ्या शर्टावर हात ठेवला. ताईंनी बटणे लावली असती तर एक मिनिट पुरले असते. त्यांना स्वतःला दहा-बारा मिनिटे लागतात आणि तिसरे बटण रोज चौथ्या काजात जाते. ताई समोर उभ्या आहेत व त्यांचे दोन्ही हात पाठीमागे आहेत. नव्या कर्मचाऱ्याला सर्वांत अवघड हेच जाते, असे येथील अधीक्षक सांगतात. मदत करण्याची सवय घरातूनच लागलेली असते, थांबण्याची सवय मात्र मुद्दाम लावावी लागते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे आणि तिच्यावर कोणतीही विशिष्ट निवासव्यवस्था लादता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. कायद्याचे हे कलम वसतिगृहाच्या चार भिंतींच्या आत आणायचे, तर त्याची सुरुवात शर्ट निवडण्यापासून होते. त्यासाठी सकाळी साडेसात ते नऊ या वेळात किती माणसे कामावर आहेत, यावर सारे अवलंबून असते. पाच जणी असतील तर ते स्वतः बटणे लावतात. तिघीच असतील तर बटणे लावून दिली जातात, आणि त्या दिवशीच्या नोंदवहीत हा फरक कुठेच दिसत नाही.

[दृश्य : भोजनगृह. खुर्चीला टेकून ताठ बसवलेली तरुणी. वाटीत घट्टसर वरणभात.]

भरवणे हे बाहेरून मायेचे काम दिसते. जवळून पाहिले तर ते बरेच तांत्रिक आहे. या तरुणीला गिळण्याचा त्रास आहे. तिची पाठ ताठ, पाय टेकलेले आणि हनुवटी किंचित खाली हवी. मान मागे झुकली तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. चमचा समोरून आणि खालच्या पातळीवरून यावा लागतो, कारण वरून आला तर ती मान उचलते. वरण पातळ असेल तर ठसका लागतो, म्हणून भात चांगला कालवून त्याला घट्टपणा आणलेला असतो. एक घास पूर्ण गिळला आहे हे गळ्याची हालचाल पाहून ठरवायचे आणि मगच दुसरा द्यायचा. जेवण झाल्यावर अर्धा तास तिला आडवे करायचे नाही. घाईघाईने भरवलेल्या जेवणाचा परिणाम कधी कधी दोन दिवसांनी ताप आणि न्यूमोनियाच्या रूपाने दिसतो आणि तेव्हा कोणत्या घासाचे चुकले हे सांगणे कोणालाच शक्य नसते.

द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडील स्नेही क्रेटच्या क्रेट पाठवतात. अख्खे द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि नेमके घशात अडकण्याच्या मापाचे असते. त्यामुळे स्वयंपाकघरातील मावशी दुपारभर बसून एकेका द्राक्षाचे उभे चार तुकडे करतात. देणगीदारांना याची सहसा कल्पना नसते आणि मावशींनी त्यांना ती कधी दिलेलीही नाही.

कर्मचाऱ्यांपैकी बऱ्याच जणी पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून आलेल्या आहेत. काही जणी केंद्रातच राहतात व पंधरवड्यातून एकदा गावी जातात. त्यांच्यापैकी एकीची दोन मुले गावाकडे आजीजवळ वाढत आहेत. दुसऱ्यांच्या प्रौढ मुलांना न्हाऊ-माखू घालून मिळणाऱ्या पगारात स्वतःच्या मुलांची फी भरायची, या व्यवस्थेवर त्या फारशा बोलत नाहीत. विचारले तर हसून विषय बदलतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पॅकिंगचे काम याहून बरे पैसे देते आणि तेथे रात्री कोणी हाक मारत नाही, म्हणून प्रशिक्षण पूर्ण झालेल्या मुली वर्ष-दीड वर्षात सोडून जातात. राष्ट्रीय न्यासाच्या 'सहयोगी' योजनेत काळजीवाहकांना प्रशिक्षण देण्याची सोय आहे, परंतु प्रशिक्षित व्यक्ती टिकून राहील इतका पगार देणे हा संस्थेच्या ताळेबंदाचा प्रश्न आहे. जाणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण जी ताई गेली तिच्याबरोबर, अमुक रहिवासी कान खाजवू लागला म्हणजे त्याचा दात दुखतो, ही माहितीही जाते. नव्या ताईला ती कळेपर्यंत एक-दोन दातदुखीच्या रात्री त्याने काढलेल्या असतात.

[दृश्य : रात्रीचा व्हरांडा. भिंतीवरचे घड्याळ.]

रात्रपाळीत एका मजल्यावर दोघी असतात. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांना दर दोन तासांनी वळवून द्यायचे, हे त्यांचे ठरलेले काम आहे. अपस्माराच्या गोळ्या रात्री कोणी थुंकून टाकल्या नाहीत ना, हेही त्याच पाहतात, कारण एक मात्रा चुकली तरी फिट येऊ शकते. फिट आली तर कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे किंवा दातांत चमचा घालणे येथे सक्त मना आहे. आजूबाजूची वस्तू दूर करायची, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचे, व्यक्तीला कुशीवर वळवायचे आणि घड्याळाकडे पाहायचे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातील फवारा द्यायचा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. नव्याने आलेल्या एका ताईने पहिली फिट पाहिली तेव्हा घड्याळाकडे पाहत राहणे तिला फार कठीण गेले, कारण त्या पाच मिनिटांत काहीच न करता उभे राहिल्यासारखे वाटते.

गेल्या वर्षी एका रहिवाशाची आई वारली. अशा वेळी 'आई गावाला गेली' असे सांगून वेळ मारून नेण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि नातेवाइकांनीही तसेच सुचवले होते. केंद्राने ते मानले नाही. अधीक्षकांनी आणि या रहिवाशाच्या सर्वांत जवळच्या ताईंनी त्यांना शेजारी बसवून आई मेली, ती परत येणार नाही, असे सरळ शब्दांत सांगितले व पुढील काही दिवस रोज पुन्हा सांगितले. दशक्रियेला त्यांना पंचवटीत गोदाघाटावर नेण्यात आले. घाटाला पायऱ्या आहेत. एका फुटाच्या चढाला बारा फुटांचा उतार असावा हे चाकाच्या खुर्चीसाठीचे माप तेथे लागू होत नाही, म्हणून दोन पुतण्यांनी आणि केंद्राच्या चालकाने त्यांना खुर्चीसकट खाली नेले. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ते तेथे बसून होते. त्यांना किती समजले याची चर्चा नातेवाईक परतीच्या वाटेवर करत होते. त्यानंतर रविवारी फाटकाशी जाऊन आईची वाट पाहणे मात्र त्यांनी बंद केले.

सहलींचा भाग थोडक्यात सांगता येईल, कारण वर्षातून दोन-तीनदाच त्या घडतात. सोमेश्वर जवळ असल्याने तेथे जाणे होते आणि धरण भरले की गंगापूरचे पाणी पाहायला नेले जाते. रंगपंचमीला मात्र बाहेर पडायचे नाही, असे स्वमग्नता असलेल्या दोघांनीच ठरवून घेतले आहे. ढोलांचा आवाज सुरू झाला की ते आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी बोलवायला जात नाही.

गेल्या पावसाळ्यातील एका सहलीत शहराबाहेरच्या मिसळीच्या ठिकाणी ज्येष्ठ बाईंनी मिसळच हवी असा आग्रह धरला. त्यांना चावायला त्रास होतो आणि कुरकुरीत फरसाण घशात टोचण्याची भीती होती. त्यांच्यासाठी मऊ खिचडी डब्यात नेलेली होती व ती पुढे करणे सोपे होते. ताईंनी अधीक्षकांना फोन केला, दोघींनी विचार केला आणि फरसाण काळ्या मसाल्याच्या रश्शात पूर्ण भिजून मऊ होईपर्यंत ठेवायचे, कांदा वगळायचा, पाव रश्शात बुडवून बारीक घासांनी द्यायचा, असे ठरले. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आले, ते तिखटाचे होते. त्यांनी रस्सा आणखी मागितला. मुलाला हे कळल्यावर त्याने नाराजी व्यक्त केली आणि तीही अनाठायी नव्हती. जोखीम कितपत घ्यायची यावर त्यानंतर पालकसभेत बराच वाद झाला आणि तो मिटलेला नाही.

[दृश्य : रविवार दुपार. भोजनगृहात गोल मांडलेल्या खुर्च्या.]

महिन्याच्या पहिल्या रविवारी रहिवाशांची सभा होते. जे बोलतात ते बोलून, बाकीचे चित्रकार्डांवर बोट ठेवून मत देतात. कार्यशाळेतील पणत्या आणि कागदी पिशव्यांच्या विक्रीतून मिळणारा मोबदला प्रत्येकाच्या पाकिटात वेगळा द्यावा, ही मागणी याच सभेत आली व मान्य झाली. खोलीतील कपाटाला कुलूप हवे, ही मागणीही मान्य झाली असून दुसरी किल्ली कार्यालयात असते. या वेळचा विषय रात्रीच्या जेवणाचा आहे. सध्या ते सात वाजता होते आणि बहुतेकांना ते साडेआठला हवे आहे, कारण सातला त्यांची आवडती मालिका सुरू असते. जेवण सातला ठेवण्याचे कारण रहिवाशांशी संबंधित नाही. वाढप आणि भांडी आटोपून मावशींना घरी जाणारी सिटीलिंकची बस गाठायची असते. मावशीही सभेला बसल्या आहेत आणि त्यांनी आपली अडचण स्वतःच मांडली. शनिवारी साडेआठला जेवण ठेवायचे, त्या दिवशी मावशींना केंद्राच्या गाडीने घरी सोडायचे आणि महिनाभराने पुन्हा बोलायचे, असे ठरून तसे इतिवृत्तात लिहिले गेले. चालकाला हे अजून कोणी विचारलेले नाही.