परीक्षकांच्या पडद्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

हौशी छायाचित्रकारांच्या क्लबमध्ये स्पर्धेचं परीक्षण कसं चालतं, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. अंधारलेली खोली, शेजारी शेजारी बसलेले तीन परीक्षक आणि पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं. एका चित्राच्या वाट्याला काही सेकंद येतात आणि तेवढ्यात गुण द्यायचे असतात. ही पद्धत अनेकांना अन्यायाची वाटते. मला वाटत नाही, कारण चित्र कशाबद्दल आहे हे त्या छायाचित्रकारानं आधी स्वतःशी ठरवलं होतं की नाही, ते एवढ्या वेळात हमखास कळतं. मी गुण देतो ते मुख्यतः त्या ठरवण्याला.

जेजुरीचंच घ्या. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघते, भंडारा उधळला जातो, सारा गड पिवळा होतो. आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये ही चित्रं ढिगानं येतात. त्यातली बहुतेक उंचावरून घेतलेली असतात : पिवळा धुरळा, डोकी, दीपमाळ. दृश्य भव्य असतंच. पण ही भव्यता जेजुरीची आहे, तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात ती उतरते. एका चित्रात मात्र एक बाप होता. खांद्यावरच्या पोराच्या डोळ्यांत भंडारा जाऊ नये म्हणून त्यानं पोराच्या कपाळावर तळहात आडवा धरलेला, आणि त्याचा स्वतःचा चेहरा भुवयांपासून मिशांपर्यंत माखलेला. गर्दी मागे होतीच, पण पुसट. तिघाही परीक्षकांचा हात एकाच वेळी वरच्या गुणांकडे गेला. तो क्षण टिपणारा माणूस गर्दीच्या आत, त्या बापाच्या जवळ उभा होता आणि वाट पाहत होता.

आता तंत्राचं सांगतो, कारण जेजुरीची चित्रं इथंच जास्त मार खातात. पिवळ्या रंगात लाल आणि हिरवा भरपूर असतो, निळा जवळजवळ नसतो. कॅमेरा हे तीन रंग वेगवेगळे नोंदतो. उन्हात त्यातला लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाची नोंद, आधीच भरून जाते आणि भंडाऱ्याचे कण, त्याच्या लाटा, सगळं सपाट पिवळ्या ठिगळासारखं दिसू लागतं. कॅमेऱ्यावर एकत्रित हिस्टोग्रॅम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहून हे कळत नाही. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहावे लागतात आणि एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा प्रकाश, थोडं खाली आणावं लागतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगाप्रमाणे रंग जुळवण्याची सोय, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा एवढा पिवळा पाहून तो दुरुस्त करायला जातो आणि हळद फिकी पडते. तो उन्हाच्या सेटिंगवर पक्का करून ठेवा. कृष्णधवल करायचं असेल तर अजून जपा. पिवळा रंग करड्या छटांमध्ये जवळजवळ पांढरा होतो, भंडारा धुक्यासारखा दिसतो. रूपांतर करताना पिवळ्याची छटा मुद्दाम गडद केली, तर पोत परत दिसतो.

चौकटीच्या कडांकडे मात्र कुणी बघतच नाही. हल्ली प्रत्येक उत्सवात हात वर करून मोबाइल धरलेला माणूस असतो, आणि कोपऱ्यातला तो उजळ पडदा बापलेकाकडून नजर ओढून नेतो. एक पाऊल डावीकडे सरकून हे टळतं. घरी येऊन क्रॉप केलं तरी चालतं, पण मग जे कापलं जातं त्यात कधीकधी पोराची पावलंही जातात.

निसर्ग विभागाची गोष्ट वेगळी. तिथं नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे. फियाप ही छायाचित्रणाची आंतरराष्ट्रीय संघटना आणि पीएसए ही अमेरिकेतली, या दोघींनी मान्य केलेली निसर्गचित्राची व्याख्या बरेच क्लब वापरतात. तिच्यानुसार चित्रात काही घालायचं नाही, क्रॉपखेरीज काही काढायचं नाही, आणि माणसाच्या हातच्या वस्तू सहसा चालत नाहीत. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. मागे कारखान्यांच्या चिमण्या असतात, आता अटल सेतूही आहे. चिमणी पुसून ते चित्र निसर्ग विभागात पाठवणं हा सरळ नियमभंग आहे. आणि पुसायची गरजच काय? गुलाबी थवा आणि मागे धुरकट चिमण्या हेच मुंबईचं खरं दृश्य आहे. ते खुल्या विभागात पाठवा, तिथं चिमणीच त्या चित्राचं बळ ठरेल.

मांडून आणलेल्या चित्रांबद्दलही बोलायला हवं. कंदील, धूर, फेटेवाले आजोबा, खिडकीतून येणारी तिरीप. सहलीला गेलेले सगळे सभासद ओळीनं उभे राहून तेच टिपतात आणि स्पर्धेत तेच आजोबा पुन्हा पुन्हा येतात. प्रकाशाचा सराव म्हणून हे उत्तम आहे, शिकणाऱ्यानं जरूर करावं. पण निवड दुसऱ्याच कुणी तरी केलेली असते. जागा, प्रकाश, बसण्याची ढब, सगळं ठरलेलं. मग मी गुण कुणाला देऊ?

चित्र पाठवण्याआधी ते मोबाइलवर अंगठ्याएवढं करून पाहा. तेवढ्या आकारातही विषय कळला पाहिजे. मग आरशात दिसतं तसं डावं-उजवं उलटवून पाहा. सवयीनं न दिसणारा तोल लगेच दिसतो. रंगांची भडकता शेवटी पुन्हा थोडी कमी करा, कारण प्रोजेक्टरवर ती अंगावर येते.

आणि शीर्षक विचार करून द्या. बऱ्याच स्पर्धांत ते मोठ्यानं वाचलं जातं. ‘श्रद्धा’, ‘एकांत’, ‘जीवनसंघर्ष’ ही नावं एकाच संध्याकाळी अनेकदा ऐकू येतात आणि चित्राला त्यांची काहीच मदत होत नाही. ‘शिवडी, भरती चढताना’ असं म्हणा. परीक्षकाला जागा कळते, वेळ कळते, आणि तो पाण्याची रेघ शोधू लागतो.

नमस्कार.