आजी दिवसभर काय करायची?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात याच सभागृहात आपण एका आजींचं पुण्यस्मरण केलं. नव्वदी ओलांडलेल्या आजी. बोलणारे बरेच होते. प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या, सगळ्यांना धरून राहिल्या, असं प्रत्येकाने सांगितलं आणि ते खरंच असणार. शेवटी त्यांच्या पणतीने आईला विचारलं, "पण ती दिवसभर काय करायची?" माइक जवळच होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. उत्तर कोणीच दिलं नाही, आणि आपण चहाला उठलो.

ते उत्तर मिळवायचं कसं, एवढंच आज बोलायचं आहे. आपल्या संकेतस्थळावरच्या श्रद्धांजल्या सलग वाचून पाहा. नावं इकडची तिकडे केली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. गणपतीच्या मखरासाठी आपण चार-चार बैठका घेतो, मग ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांच्यासाठी सुट्टीतली एक सकाळ का निघू नये?

"तुझं बालपण कसं होतं?" असं विचारू नका. "आमचं काय मेलं, चूल नि मूल," म्हणून आजी विषय मिटवते. पाणी कुठून आणायचीस? खेपा किती व्हायच्या? दळण घरी की गिरणीत? घरात वीज आली तेव्हा पहिला दिवा कुठल्या खोलीत लागला? पंगतीत तुझं पान शेवटी, तेव्हा भाजी उरायची का? अशा प्रश्नांना आजी हातवारे करून उत्तरं देते. त्या पणतीला हवा असलेला दिवस असाच हाती लागतो, तासातासाचा.

साल विचारलं की गाडी अडते, म्हणून घटना विचारा. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा कडेवर कोण होतं? ती तारीख १२ जुलै १९६१, म्हणजे त्या मुलाचा जन्म साधारण १९५९-६० चा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, अनंत चतुर्दशीनंतरचा. आणे जाऊन नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. मुंबईच्या गोदीचा स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. मराठवाड्यातल्या आजीला रझाकार आणि पोलीस ॲक्शन विचारा, म्हणजे सप्टेंबर १९४८. बहात्तरच्या दुष्काळातली परदेशातून आलेली मिलो ज्वारी, मदतीत मिळणारी सुकडी आणि खडी फोडण्याचं काम तर न विचारताच निघतं. तिची तारीख चुकली तर मध्येच दुरुस्त करू नका, ती बोलायची थांबते. ती म्हणाली तसंच लिहा आणि शेजारी कंसात आपली शंका नोंदवा.

कागदांचंही सांगतो. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर लगेच विश्वास ठेवू नका. गुरुजींनी नाव घालताना कित्येकांना तीच तारीख दिली. लग्नपत्रिकेवर फक्त शके असेल तर चैत्र ते कार्तिक ७८ मिळवा, माघ-फाल्गुनात ७९. म्हणजे शके १८७३ चा वैशाख १९५१ चा, पण त्याच शकातला फाल्गुन १९५२ चा. मार्गशीर्षाची अखेर आणि पौष दोन्हीकडे सांडतात, तिथे पंचांग बघावं लागतं. लग्नात नाव बदललेलं असतं, म्हणून शाळेचं रजिस्टर माहेरच्या नावाने शोधायचं आणि जमिनीच्या फेरफारातली वारसनोंद सासरच्या नावाने. गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, बऱ्याचदा मोडीत असतात. त्यात बाळाचं नाव नसून नुसतं "मुलगी" आणि बापाचं नाव सापडतं. मोडी वाचणाऱ्याला आधी गाठा, मग तहसील कचेरीत जा.

पण माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा माळ्यावर आहे. पितळेची, तांब्याची भांडी. लग्नात आलेल्या पातेल्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं: कोणास, कोणाकडून, कधीकधी तारीखसुद्धा. सुट्टीला गेल्यावर ती उत्साहाने चिंचेने घासत बसू नका. ठिपके आधीच झिजलेले असतात, आणखी घासलं की अक्षर जातं. कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर चिमूटभर पीठ चोळा, वरचं हलकेच झटका. खाचांमध्ये पीठ राहतं आणि नाव उठून दिसतं. खिडकीशी, बाजूने उजेड येईल असं धरून फोटो काढा, फ्लॅश नको. मग ते पातेलं आजीच्या हातात द्या. देणाऱ्या मावशीचं नाव वाचलं की त्या मावशीचं घर, तिचा नवरा, त्या वर्षीचा पाऊस, सगळं यायला लागतं.

आता रेकॉर्डिंग. व्हिडिओ कॉलवरून करू नका, आवाज तुटतो आणि आजीचं निम्मं लक्ष पडद्याकडे असतं. समोर बसा, तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला. वेळ सकाळचा चहा झाल्यावरची, जेवणानंतर डुलकी येते. पंखा बंद करा, स्वयंपाकघराचं दार लावा, कुकरची एक शिट्टी दोन वाक्यं खाते. फोन तिच्यापासून हातभर अंतरावर, खाली घडी घातलेला पंचा, आणि एअरप्लेन मोडवर, नाहीतर कोणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोला. दोन मिनिटं करून ऐकून बघा, मग पुढे जा. एका बैठकीला पाऊण तास पुरे. खोलीत सून किंवा मुलगा असला की आजीच्या आधी तेच उत्तर देतात, त्यांना प्रेमाने बाजारात पाठवा.

ओव्या येत असतील तर "सांग" म्हणू नका, "गा" म्हणा. चालीशिवाय पुढची ओळ सुचत नाही, आणि जात्याच्या खुंट्याला हात लावून बसली तर आणखी आठवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या बायका कोणाच्या तरी आज्याच होत्या.

फाईलच्या नावात साल, महिना, दिवस घाला. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या कोणाच्या घरी.

एका गोष्टीचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. चौथ्या-पाचव्या बैठकीत आजी अशा गोष्टी सांगते ज्या तिने कोणालाच सांगितलेल्या नसतात. गेलेलं मूल, सासूचा छळ, नवऱ्याचा हात. आणि मग म्हणते, "हे कोणाला सांगू नको हो." तेवढ्यापुरतं रेकॉर्डिंग थांबवावं, हे नक्की. पण जे आधीच आत गेलं, त्याचं काय करायचं? पुसलं तर उरते तीच प्रेमळ, कष्टाळू आजी, आणि पणतीला अर्धाच दिवस मिळतो. ठेवलं तर तिचा शब्द मोडतो, आणि ज्यांच्याबद्दल ती बोलली त्यांची मुलं याच सभागृहात बसलेली असतात. कार्यकारिणीतही यावर एकमत झालेलं नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी हा प्रसंग आला असेल, त्यांनी काय केलं ते जेवताना मला जरूर सांगा.