दोर कापणारा धाकटा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मुलांच्या ऐतिहासिक कादंबरीबद्दल बोलायचंय, आणि त्यातही भावांबद्दल. आपल्या इतिहासात भावांच्या जोड्या पुष्कळ. १६६० साली पावनखिंडीत बाजीप्रभू पडले, तसेच त्यांचे भाऊ फुलाजीही पडले. १७३९ मध्ये वसई घेणारे चिमाजी अप्पा हे थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू. पण मी आज थांबणार आहे सूर्याजी मालुसऱ्यापाशी. तानाजीचा धाकटा भाऊ सूर्याजी. त्याच्यापाशीच का, तर त्याला आमच्या घरची कपडे वाळत घालायची दोरी कारणीभूत आहे.

तानाजीची गोष्ट तुम्हाला सांगायला नकोच. रायबाचं लग्न, कोंढाणा, घोरपड, शेलारमामा, सगळं तुम्हाला पाठ. तर मी तेव्हा आठ वर्षांचा, दादा अकराचा. दिवाळीची सुट्टी होती. अंगणात मातीचा किल्ला तयार, त्यावर पेरलेली मोहरी चांगली बोटभर वर आलेली. आणि रोज दुपारी आमची लढाई. दादा कायम तानाजी. मी धाकटा, म्हणून कायम सूर्याजी. हा घरचा कायदा, त्यावर अपील नाही. शेजारची तीन पोरं मावळे. उदयभान व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून ओसरीवरचा लोड उभा करायचा, तो उदयभान.

दादाला मरायला फार आवडायचं. ढाल तुटली की आंघोळीचा पंचा हाताला गुंडाळायचा, लोडावर शेवटचा घाव घालायचा, आणि मग ओसरीच्या पायऱ्यांवरून एकेक पायरी घरंगळत सावकाश मरायचं. मध्येच एक डोळा उघडून आम्ही बघतोय ना, याची खात्री करून घ्यायची. त्यानंतर माझं काम. मावळे पळायला लागले की मी आडवं व्हायचं आणि ओरडायचं, "कुठे पळता? दोर मी केव्हाच कापून टाकलेत!" एवढं एकच वाक्य. सगळ्या लढाईत मला एकच वाक्य.

रोज मी हवेतच दोर कापायचो. त्या दिवशी वाटलं, आज खरा कापावा. समोर आईनं दोरी बांधलेली, तिच्यावर सकाळचं धुणं, दोन चादरी आणि अण्णांचा कचेरीत जायचा सदरा. आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री आणली आणि कापली दोरी. अर्धं धुणं मातीत, एक ओली चादर थेट किल्ल्यावर. बुरूज बसला, मोहरी आडवी झाली.

आई बाहेर आली आणि ओरडली, "मेल्यांनो, काय केलंत हे!" आता खरं म्हणजे मेलेला एकटा दादाच होता. तो पायरीखाली डोळे मिटून पडलेला. मावळे खरोखरच पळाले, कुंपणावरून. मग अण्णा आले. "दोरी कुणी कापली?" मी गप्प. कात्री पाठीमागे धरलेली. अण्णांना ती दिसली नसेल, असं मला आजही वाटत नाही. पण ते वळले दादाकडे. दादा उठून बसला आणि अगदी मनापासून म्हणाला, "अण्णा, मी तर मेलो होतो."

अण्णा म्हणाले, "मेलास तरी थोरला आहेस." आणि दिला एक धपाटा.

दादानं माझ्याकडे एकदा बघितलं, पण माझं नाव घेतलं नाही. मीही पुढे झालो नाही. गडावर एवढ्या मोठ्यानं ओरडणारा सूर्याजी अंगणात मूग गिळून उभा.

मेलास तरी थोरला आहेस. पुन्हा सांगतोय, कारण मुलांच्या ऐतिहासिक कादंबरीत मला हेच वाक्य शोधूनही सापडत नाही. तिथे थोरला शूर असतो, धाकटा आज्ञाधारक असतो, आणि दोघं मिळून "धिक्कार असो" वगैरे म्हणतात. कुठला भाऊ भावाशी असं बोलतो हो? शिवाय मुखपृष्ठावर घोडा दोन पायांवर उभा. चारी पायांवर उभा असलेला घोडा आपल्या चित्रकारांनी काढायचा नाही, असा काही ठराव झालाय का, कोण जाणे. आणि जाता जाता, तानाजीमुळे गडाला सिंहगड नाव पडलं असं पोरांना सांगतात, पण शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात ते नाव आधीच आहे. असो.

मुद्दा सूर्याजीचा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना गेले, त्यात कोंढाणा. फेब्रुवारी १६७० मध्ये तो परत घेतला. सभासदाच्या बखरीत सूर्याजीच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. हिंमत धरून त्यानं लोक सावरले आणि गड घेतला. दोराची गोष्ट मागाहून लोकांच्या तोंडी रुळलेली असो वा नसो, 'लोक सावरले' हे शब्द मला पुरेसे आहेत. त्या घडीपर्यंत काय करायचं ते दादा ठरवत होता. आता दादा तिथेच पडलेला, अंधार, आणि शंभर डोळे धाकट्याकडे. रडायला बसायचीही सोय नाही.

आणि पुढे? कादंबरी गडावर संपते. पण सूर्याजी घरी गेला असेल ना. कोकणात, पोलादपूरजवळ उमरठ्याला. घरात लग्नाची तयारी. त्या उंबऱ्यावर वहिनीपुढे उभं राहून पहिला शब्द कुठला काढायचा? गड चढण्यापेक्षा ते सोपं होतं का? रायबाचं लग्न नंतर महाराजांनी लावून दिलं असं सांगतात. पण उंबऱ्यापर्यंतची ती वाट कुणी लिहीत नाही. मला ती वाट हवी आहे. गडावरून घरापर्यंतची वाट.

सगळेच भाऊ असे नसतात, हेही मुलांना कळू द्या. महाराज आणि व्यंकोजीराजे, सावत्र भाऊ. १६७७ मध्ये दक्षिणेत भेट झाली, वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा महाराजांनी मागितला, आणि व्यंकोजीराजे रातोरात निघून गेले. पुढे फौजा भिडल्या. तरी हेच व्यंकोजीराजे खचून वैराग्याकडे वळले तेव्हा महाराजांनी पत्र लिहिलं, की वैराग्य उतारवयात करा, आत्ता उद्योग करून आम्हाला दाखवा. वाटणीवरून भांडणं झालेल्या घरातल्या मुलाला हे पत्र लगेच समजेल. अशी घरं कमी नाहीत.

आमच्या दोरीचं सांगायचं राहिलं. आईनं नवी आणली नाही, दादाकडूनच मधोमध गाठ मारून घेतली. नंतर कितीतरी वर्षं ती तशीच होती. कपडे सरकवताना तिथे अडायचे, आणि आई आतून ओरडायची, "तुझ्या दादाला बोलाव रे, सूर्याजी अडला!"

नमस्कार.