तिशीची नवरी

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, कॉलिटन नावाचं गाव आहे. इथल्या चर्चच्या वहीत १५३८ पासूनचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहिलेली आहेत. इतिहासकार ई. ए. रिगली यांनी या नोंदी एकमेकींशी जुळवून कुटुंबंच्या कुटुंबं उभी केली आणि १९६६ मध्ये निष्कर्ष मांडले. १६४७ ते १७१९ या काळात इथल्या मुलीचं लग्न सरासरी साडेएकोणतिसाव्या वर्षी व्हायचं. मुलांचं सरासरी वय मात्र पावणेअठ्ठावीस! देशभरातही मुलींचा आकडा २६ च्या आसपास होता.

कायद्याची आडकाठी नव्हती. मुलगी १२ ची, मुलगा १४ चा झाला की लग्न वैध. अडायचं ते पैशापाशी. सून सासरी नांदायला जात नसे; लग्न झालं की वेगळं बिऱ्हाड करायचं, ही रीत. त्यासाठी घर हवं, पलंग-भांडी हवीत, जमलं तर एखादी गाय. गरीब बाप हे कुठून देणार?

म्हणून पोरंपोरी पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून दुसऱ्याच्या शेतावर सालाने राहत. मुलीचा दिवस गाईंच्या धारा काढण्यापासून सुरू व्हायचा. मग लोणी, चीज, धुणं, डुकरांचं खाणं. राहणं-जेवण मालकाकडे, रोख मजुरी बहुधा साल भरल्यावर. सप्टेंबरअखेर, मायकेलमस या ख्रिस्ती सणाच्या सुमारास, ठिकठिकाणी गडी-मोलकरणींचा बाजार भरे. कुणाला काय येतं ते लांबूनच कळावं म्हणून मेंढपाळ टोपीला लोकरीचा झुपका खोचून उभा राहायचा. सौदा ठरला की गाठोडं उचलून नव्या मालकाच्या घरी.

अशी दहा-बारा सालं. मुलीची मजुरी पुरुषाहून कमी, त्यातूनच ती संसाराची पुंजी जमवायची. युरोपच्या या इतिहासात राजेरजवाड्यांच्या सोयरिकींवर पानंच्या पानं लिहिली गेली. या मुलींच्या कष्टांना त्यात जागा मिळायलाच हवी. कारण लग्न लागताच ती पुंजी कायद्याने नवऱ्याची व्हायची.

उशिरा लग्न म्हणजे मुलंही कमी. आणि काहींचं लग्न कधी झालंच नाही. सतराव्या शतकातल्या काही पिढ्यांत दर पाचांतला साधारण एक जण अविवाहितच राहिला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण इंग्लंडमधले शेतकरी गड्यांना घरात ठेवेनासे झाले, रोजंदारीवर बोलावू लागले. रोजंदाराची कमाई विशीतच पूर्ण भरायची, थांबून पदरात जास्त काही पडणार नव्हतं. १७७० नंतर कॉलिटनच्या नवरीचं सरासरी वय २५ वर आलं.