कोड तुमचा, नाव आमचं

[पडद्यावर: डेबियनचा डेस्कटॉप. मेनूत ब्राउझरचं चिन्ह, निळ्या गोलाला वेटाळून बसलेला पांढरा प्राणी.]

२००७ साली डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती बसवली, तर फायरफॉक्स हा ब्राउझर कुठे सापडायचा नाही. त्याच्या जागी असायचा आइसवीझल. मेनू तोच, पानं तशीच उघडायची, कोडही जवळपास सगळा तोच. बदललं होतं नाव आणि चिन्ह.

डेबियन आणि फायरफॉक्स बनवणारी संस्था मोझिला यांच्या भांडणाचं मूळ फायरफॉक्सच्या चिन्हात होतं. फायरफॉक्सचा कोड मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणीही वापरावा, बदलावा असा होता, पण चिन्हातल्या कोल्ह्याच्या चित्राचा कॉपीराइट मोझिलाने राखून ठेवला होता. ज्यात फेरफार करायची मुभा नाही, ते डेबियनच्या नियमांत बसेना. म्हणून त्यांनी चित्र वगळलं आणि नाव तेवढं ठेवलं. २००६ मध्ये मोझिलाने हरकत घेतली: नाव हवं तर चिन्हासकट घ्या, आणि कोडमध्ये जे बदल कराल ते आम्हाला दाखवून मंजूर करून घ्या.

ही दुसरी अट जास्त जाचक. डेबियनची स्थिर आवृत्ती एकदा निघाली की आतले प्रोग्राम गोठवले जातात. मूळ प्रकल्पाने त्या जुन्या आवृत्तीकडे पाठ फिरवली, तरी डेबियनची माणसं नव्या कोडमधली सुरक्षा-दुरुस्ती उचलून जुन्याला जोडत राहतात. अशा दर ठिगळासाठी परवानगी मागत बसायचं? त्यांनी नावच सोडून दिलं. मोझिलाच्या इतर प्रोग्रामांचंही तेच: थंडरबर्डचं आइसडव्ह झालं, सीमंकीचं आइसएप.

मोझिलाला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण तिची बाजू लंगडी नव्हती. कोड कोणीही बदलू शकतो म्हटल्यावर त्यात नको ते घुसडून वर तेच नाव लावणाराही निघणारच. त्याला कॉपीराइटचा परवाना अडवत नाही, ट्रेडमार्क अडवतो. आणि गंमत अशी, की बदललेल्या प्रोग्रामला वेगळं नाव द्या ही अट परवान्यात चालेल, असं खुद्द डेबियनच्या मार्गदर्शक तत्त्वांतच लिहिलेलं आहे!

तिढा सुटला २०१६ मध्ये. तोवर चिन्हाचा कॉपीराइट मुक्त झाला होता, आणि डेबियनच्या बदलांनी दर्जा बिघडत नाही हे मोझिलाला पटलं होतं.

[पडद्यावर: ओपनऑफिस आणि लिबरऑफिस, शेजारी शेजारी.]

इथे मात्र समेट झाला नाही. २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली, तेव्हा सनच्या ओपनऑफिस या मुक्त ऑफिस-प्रोग्रामचं नाव ओरॅकलकडे गेलं आणि कॉपीराइटही, कारण कोड देणाऱ्यांकडून सन तसा करार लिहून घ्यायची. त्याच सप्टेंबरमध्ये ओपनऑफिसवर काम करणारे बरेच जण बाहेर पडले, त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली आणि ओरॅकलकडे नाव मागितलं. ते मिळालं नाही. तात्पुरतं म्हणून घेतलेलं लिबरऑफिस कायमचं झालं.

पुढच्याच वर्षी ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या हवाली केलं, आणि त्याचा परवानाही बदलला. हक्क एका हाती असले की हे जमतं. लिबरऑफिसमध्ये ज्याने ओळी लिहिल्या, हक्क त्याचेच राहतात. परवाना बदलायचा तर एकेकाच्या दारात उभं राहावं लागेल. अपाचेचा परवाना सैल, लिबरऑफिसचा त्याहून कडक; त्यामुळे अपाचेकडचा कोड लिबरऑफिसमध्ये येऊ शकतो, लिबरऑफिसचा मात्र तिकडे जाऊ शकत नाही.

ओपनऑफिस हे ओळखीचं नाव अपाचेकडे राहिल्याने, ते नाव शोधत येणारे कित्येक वर्षं तिकडेच वळत राहिले. 'लिबरऑफिस' हाही आता फाउंडेशनचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, आणि ते नाव कोणी कशाला लावायचं याचे तिचेही नियम आहेत.