गहू सुटला, तरी पोट दुखतच राहिलं

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या माणसाला गहू बंद झाला की शेजारीपाजारी म्हणतात, "त्यात काय, आपल्याकडं भाकरी आहे की!" सात वर्षांपूर्वी मला सीलिॲक आजार असल्याचं कळलं, तेव्हा मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं. ते खोटंही नव्हतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती ज्वारी आपल्या घरोघरी रोजची. ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, राजगिरा यांत ते नसतं. सीलिॲक असलेल्याच्या पोटात ग्लुटेन गेलं की त्याची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्यावर उलटते. यावर उपाय एकच, गहू, जव आणि राय जन्मभर बंद.

मी बंद केला. तीन महिने बरे गेले. मग पोटफुगी, कळा, जुलाब पुन्हा सुरू झाले.

आणि माझ्या मनात संशय शिरला. दूध प्यायल्यावर दुखलं, दूध बंद. तुरीच्या आमटीनंतर फुगलं, तूरडाळ बंद. शेंगाची चटणी, वांगं, हरभरा, दही, एकेक करत सगळं ताटातून गेलं. दिवाळीपर्यंत मी भात, मुगाचं वरण आणि दुधी भोपळा एवढ्यावर आले होते. वजन पाच किलोंनी उतरलं, जिना चढताना पाय थरथरायचे. आहारतज्ज्ञ बाईंनी माझी यादी वाचली आणि एवढंच विचारलं, "यातला प्रत्येक पदार्थ तुम्हाला बाधतो, हे कशावरून ठरवलंत?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी जे खाल्लं होतं त्याच्यावर मी आळ घेत होते. पण पोटातला वायू कधी काही तासांनी धरतो, कधी दुसऱ्या दिवशी. सकाळच्या चहाला दोष द्यावा आणि खरं कारण आदल्या रात्रीच्या जेवणात असावं, असं सहज होतं.

त्यांनी मला शंभर पानी वही आणायला सांगितली. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता, आणि त्रास कधी झाला. एवढंच लिहायचं. दोन आठवडे काहीही नवीन बंद करायचं नाही.

वहीनं पहिल्यांदा दाखवलं ते हे, की गहू घरातून गेलेलाच नव्हता. ज्वारीचं दळण आणल्याच्या दिवसापासून दोन-तीन दिवस माझा त्रास वाढायचा. आपण बायका गिरणीत गेलो की म्हणतो, "माझे गहू ज्वारीवर टाकू नका हो, पोळ्या तुटतात." ज्वारी गव्हावर पडली तर फारसं कोणी बोलत नाही. पण जात्यात उरलेलं गव्हाचं पीठ माझ्या डब्यात येत होतं. दुसरा चोर फोडणीत होता. डबीतला हिंग हा नुसता हिंग नसतो, त्यात डिंक आणि पीठ असतं, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. मेतकुटात गहू, थालिपिठाच्या भाजणीत गहू. पोळीच्या परातीतच भाकरीचं पीठ मळलं जायचं. मी घरगुती चक्की घेतली, परात आणि तवा वेगळा केला, हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचायला लागले. कडक भाकरी विकत घेतानाही आता विचारते, "मावशी, इथंच चपात्या लाटता का?" पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर किलोमागं २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असा आपल्याकडं नियम आहे. यावरून चिमूटभर पिठाचं मोल कळेल.

एवढ्यानं निम्मा त्रास गेला. उरलेल्या निम्म्यासाठी एकेका पदार्थाची परीक्षा घ्यायची होती. एक पदार्थ तीन आठवडे पूर्ण बंद, फरक पडला का ते पाहायचं, मग तोच थोडा थोडा वाढवत तीन दिवस खाऊन पाहायचा. त्या दिवसांत दुसरा कसलाही बदल नाही. परत खाऊन पाहणं हाच या कामाचा गाभा आहे, आणि घाबरून आपण नेमकं तेच टाळतो. या आजाराचं कारणही असंच उघड झालं. नेदरलंड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं उपासमार झाली, पाव मिळेना, तरी सीलिॲकची मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली.

माझ्याकडं दूध दोषी ठरलं, पण कायमचं नाही. दुधातली साखर पचवणारं विकर लहान आतड्याच्या रसांकुरांच्या, म्हणजे आतल्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांच्या टोकावर असतं. सीलिॲकमध्ये ती टोकंच झिजतात. आतडं भरून आलं की बहुतेकांना दूध पुन्हा पचू लागतं. मला वर्षभर लागलं, तोवर ताक आणि दह्यावर भागवलं.

कांद्यानं मात्र मला रडवलं. त्यात फ्रुक्टन नावाचं कर्बोदक असतं. ते पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. लसणात ते आहे, आणि गव्हातही आहे. म्हणून सीलिॲक नसताना गहू सोडून ज्यांना बरं वाटतं, त्यांतल्या काहींना खरा त्रास ग्लुटेनचा नसून फ्रुक्टनचा असतो. मला अर्धा कांदा चालतो, दोन चालत नाहीत. पातीचा हिरवा भाग चालतो. लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकते. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही, आणि फोडणीला वास राहतो.

शेंगदाणे निर्दोष निघाले. पहिल्यांदा कुटलेली चटणी मी बिनलसणाची केली होती, भाकरीवर तेल घालून खाल्ली, आणि तीन दिवस वहीत त्रासाचं काही लिहावं लागलं नाही.

तीन गोष्टी कळकळीनं सांगते. तपासणी व्हायच्या आधी गहू सोडू नका. गहू बंद असताना टीटीजी ही रक्ततपासणी आणि आतड्याची बायोप्सी, दोन्ही फसू शकतात. आणि एखादा पदार्थ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, दम लागत असेल, तर ती ॲलर्जी असू शकते. तिची परीक्षा घरी कधीच घ्यायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. रक्ताच्या एका नमुन्यावर शेकडो पदार्थांची यादी देणाऱ्या आयजीजी तपासण्यांवर पैसे घालवू नका. तुम्ही काय खाता एवढंच त्या बहुधा दाखवतात.

माझी तिसरी वही चालू आहे. तूरडाळ, वांगं, दही परत आलंय. सध्याच्या पानावर हरभरा डाळ आहे. काल दोन चमचे पिठलं खाल्लं, आज वाटीभर खाणार आहे.

नमस्कार.